स्क्रूला हात लागला की परमिट रद्द

विजेवर ज्याचा आयुष्यात एकदाही विश्वास बसला नाही आणि तरीही ज्याने सगळं आयुष्य तिच्याच चाकरीत काढलं, असा एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आहे, आणि तो म्हणजे माझ्या बायकोच्या माहेरगावचे काका. माहेरगावचे म्हणजे नात्यातले नव्हेत. अनघा कऱ्हाडची, काकाही कऱ्हाडचे, आणि सिंगापूरला जुरोंग ईस्टमधल्या एकाच ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर आमची दारं शेजारीशेजारी आली. एवढ्या भांडवलावर काकांनी पहिल्याच दिवशी अनघाचं माहेरपण आणि माझं जावईपण जाहीर करून टाकलं. तेव्हापासून ते मला 'जावईबापू' म्हणत आणि जावयाला द्यायचा तो सगळा मान देत देत जावयाच्या घरातल्या एकेका प्लगची उलटतपासणी घेत. आम्ही राहायला आलो त्या दिवशी काकू चहाचा थर्मास घेऊन आल्या आणि काका वीज मोजायचा मीटर घेऊन आले. थर्मास टेबलावर टेकायच्या आत त्यांनी बाथरूमच्या गीझरची अर्थिंग पाहिली होती, आणि "पाणी गरम करायला हरकत नाही" असा निर्वाळा देऊन मगच ते खुर्चीत बसले.

तो पिवळा मीटर त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला कायम लटकलेला असे. माणसं मोबाइलशिवाय घराबाहेर पडत नाहीत तसे काका मीटरशिवाय देवळातही जात नसत. नोकरी जुरोंग आयलंडवर, एका रसायनांच्या कारखान्यात, वीजदुरुस्ती विभागाचे प्रमुख म्हणून. त्या बेटावर जायला पास लागतो, कंपनीची बस लागते, आणि खिशातला लायटर फाटकावरच काढून द्यावा लागतो. तिथे परमिटशिवाय, म्हणजे सहीशिक्क्याच्या लेखी परवान्याशिवाय, कोणी स्टुलावरही चढत नाही. अशा ठिकाणी पंचवीसेक वर्षं काढल्यावर माणूस संध्याकाळी घरी येताना ते बेट सोबत घेऊनच येतो. काकांनी तर ते बेट स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं. मिक्सरचं भांडं धुवायचं तर आधी प्लग काढायचा, प्लगवर प्लास्टिकचा डबा बसवायचा, डब्याला कुलूप घालायचं, कुलपाला लाल पाटी लटकवायची, आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, हा त्यांच्या घरचा रिवाज होता. एकदा किल्ली खिशात घेऊन काका सकाळच्या बसने बेटावर निघून गेले आणि काकू खोबऱ्याचं वाटण घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "तुझा मिक्सर दे गं जरा," त्या अनघाला म्हणाल्या, "माझ्या मिक्सरला आज शटडाउन आहे." पंचवीस वर्षांच्या संसारात बाईंच्या बोलण्यातही कारखाना शिरला होता.

एका गणपतीला काकांनी आमच्या मंडळाची आरतीच थांबवली होती. हॉल भाड्याने घेतलेला, माणसं नटूनथटून आलेली, बायकांच्या हातात तबकं, आणि मूर्तीमागच्या प्रभावळीतल्या दिव्यांच्या माळेचं इन्सुलेशन काकांच्या पसंतीस उतरेना. त्यांनी शांतपणे प्लग काढला आणि त्यावर लाल पाटी अडकवली. मंडळाचे अध्यक्ष, हे एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, लगबगीने आले आणि म्हणाले, "काका, अहो बाप्पाला कसली लाल पाटी लावताय!" काका म्हणाले, "बाप्पाला नाही लावली. प्लगला लावलीय. बाप्पाचं काही बिघडणार नाही, समोर लहान मुलं बसतात त्यांचं बिघडेल." शेवटी समईच्या उजेडात आरती झाली, आणि खरं सांगायचं तर त्या वर्षीची मूर्ती जितकी सुंदर दिसली तितकी पुढे कधी दिसली नाही. मजल्यावरच्या चिनी आणि तमिळ मुलांनी त्यांचं नाव मीटर अंकल ठेवलं होतं. बॅटरीवर चालणारी खेळण्यातली गाडी हातात घेऊन एखादं पोर कॉरिडॉरमधून निघालं की काका त्याला हमखास अडवत. "अंकल, वर्किंग ऑलरेडी लाह!" असं ते पोर काकुळतीला येऊन सांगे. काका गाडी उलटी करून बॅटरीचे सेल बघत, पुन्हा बघत, मग गाडी परत देत. कुठलंही रीडिंग एकदा घेतलं तर ते त्यांच्या लेखी घेतलेलंच नसे.

आता माझ्याविषयी थोडं. मी तांजोंग पगारच्या एका ऑफिसात बारा माणसांची टीम सांभाळणारा मॅनेजर, आणि कॉलेजपासून सिगारेट ओढणारा. ऑफिसच्या मागे जुन्या दुकानांच्या गल्लीत, राखेच्या डब्याभोवती आम्ही चारपाच जण दिवसातून सहा वेळा जमायचो. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर अनघाला दिवस गेले. ती भांडली नाही, रडली नाही. फक्त एकदा जेवताना म्हणाली, "बाळ घरात येईल तेव्हा तुझ्या अंगाला हा वास नसावा. एवढंच कर." मी वचन दिलं. मग पंधरा दिवसांत चार वेळा सिगारेट सोडली. त्याच सुमारास ऑफिसमधला एक इंग्रज कायमचा मायदेशी निघाला आणि जाताना त्याने स्वतःची वाफ ओढायची नळी, ज्याला व्हेप म्हणतात ती, माझ्या हातात ठेवली. सिंगापुरात ती विकायला तेव्हाही बंदी होतीच. पुढे जवळ बाळगायलाही झाली. ही गोष्ट त्याच्या आधीची आहे, आणि ती तशीच वाचावी. माझ्या बुडत्या वचनाला मला तेवढा एकच आधार दिसत होता.

ही नळी म्हणजे यंत्र म्हणायलाही संकोच वाटावा इतकी साधी होती. पितळेची नळी, आत बॅटरी, बुडाशी बटण आणि वरच्या टोकाला दोन स्क्रू. त्या स्क्रूंमध्ये तारेची छोटीशी कॉइल आपणच गुंडाळून बसवायची, तिच्यात कापूस ओवायचा, वर चवदार पाणी टाकायचं, टोपी लावायची आणि बटण दाबायचं. एका रविवारी सकाळी मी व्हिडिओ बघत बघत जेवणाच्या टेबलावर तार गुंडाळत होतो. तेवढ्यात अनघाची वाटी परत द्यायला काका आले. वाटी त्यांच्या हातातच राहिली.

"हे काय आहे, जावईबापू?"

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोजलं का?"

"मोजायचं काय त्यात, काका? बटण दाबलं की वाफ येते."

काका खुर्ची ओढून बसले. चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून त्यांनी बॅटरीवरची बारीक अक्षरं वाचली. "दहा अँपियर," ते म्हणाले, "ह्याच्या वर हिला ताण द्यायचा नाही. आणि ह्या नळीत फ्यूज नाही, कुणी अडवणारं नाही. कॉइल मागेल तेवढा करंट बॅटरी देत बसणार." मग त्यांनी पट्ट्यावरून मीटर काढला आणि आधी मीटरच्याच दोन वायरींची टोकं एकमेकांना लावली. आकडा आला शून्य पॉइंट चार. "हा माझ्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स," ते म्हणाले. "आधी आपली चूक मोजायची, मग दुसऱ्याची." त्यानंतर कॉइल मोजली. शून्य पॉइंट सात. चार वजा केले, राहिले तीन. वाटीशेजारच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर त्यांनी भागाकार मांडला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. भरलेली बॅटरी चार पॉइंट दोन व्होल्टची. भागाकाराचं उत्तर होतं चौदा अँपियर. मी दहाच्या बॅटरीकडून चौदाचं काम घेऊन ते तोंडाला लावायच्या बेतात होतो. अनघा ओट्यापाशी उभी राहून हे सगळं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

त्या दिवशी काकांनी माझ्याकडून ती कॉइल दोनदा सोडवून घेतली. जास्त वेढ्यांची नवी कॉइल झाली तेव्हा वजाबाकीनंतर शून्य पॉइंट आठ उरले, म्हणजे सवापाच अँपियर, आणि काकांची मान पहिल्यांदा उभी हलली. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. स्क्रूबाहेर आलेली तारेची शेपटी नळीला टेकत होती ती कापायला लावली. मग कापूस न घालता बटण क्षणभर दाबून सोडायचं, पुन्हा दाबून सोडायचं, आणि कॉइल मधून कडेकडे सारखी लाल होते का ते बघायचं. एकच टोक आधी लाल झालं तर स्क्रू सैल आहे असं समजायचं. गार झाल्यावर स्क्रू आवळून पुन्हा मोजायचं. टोपी लावून परत मोजायचं, कारण टोपी आतून कॉइलला टेकली तर आधीची सगळी मोजणी पाण्यात. बॅटरीच्या सालीला कुठे चीर नाही ना, तेही पाहायचं. हे सारं आटोपलं तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि माझी ओढायची इच्छा केव्हाच मेली होती. निघताना मी विचारलं, "काका, पण हे सिगारेटपेक्षा बरं ना?" ते म्हणाले, "ते डॉक्टरला विचारा. वाफ चांगली की वाईट, मला कळत नाही. ती हातात फुटणार नाही, एवढंच मी बघणार."

पुढच्या रविवारी ते परमिट छापूनच घेऊन आले. कामाचे स्वरूप: वाफ ओढणे. धोका: शॉर्ट सर्किट, भाजणे, सासुरवाडीची नाराजी. हा शेवटचा धोका त्यांनी गंभीरपणे टाइप केला होता की गमतीने, हे मला आजतागायत कळलेलं नाही. खाली परमिट देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही आणि साक्षीदार म्हणून अनघाची सही. सगळ्यात तळाशी जाड अक्षरात लिहिलं होतं, 'स्क्रूला हात लागल्यास हे परमिट रद्द समजावे व कॉइल पुन्हा मोजून घ्यावी.' तो कागद आमच्या फ्रिजवर चुंबकाने लागला आणि दर रविवारी बदलत गेला. दीड महिन्यात माझी सिगारेट खरोखर सुटली. वाफही कमी होत चालली. अनघाला सातवा संपून आठवा लागला, आणि कधी नव्हे ते मला वाटलं की ह्या वेळी आपल्या हातून वचन पाळलं जाणार.

अशाच एका गुरुवारी ऑफिसात कापूस करपला. तोंडात जळका वास भरला, म्हणून जिन्यात उभं राहून मी कापूस बदलायला घेतला. कापूस ओढताना कॉइल हलली. मी स्क्रू सैल केला, कॉइल अंदाजाने सरळ केली, स्क्रू आवळला आणि टोपी दाबून बसवली. जाड अक्षरातली ती ओळ मला आठवली नाही असं नाही. मीटिंगला बोलावणं आलं होतं, संध्याकाळी घरी जाऊन काकांना दाखवू असं मी स्वतःला सांगितलं, आणि मीटिंगमध्ये ते विसरून गेलो. जुरोंग ईस्टला उतरून घराकडे चालत येताना मी नळी काढली आणि बटण दाबलं. वाफ आली नाही. पुन्हा दाबलं, जरा जास्त वेळ. नळी हातात तापली, बटण आतच अडकून बसलं, आणि मी ती कडेच्या गवतात भिरकावेपर्यंत तळहाताची कातडी पांढरी पडली होती. गवतातून फुसफुस आवाज आला आणि धुराची एक रेघ निघाली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हीच नळी रोज संध्याकाळी सोफ्यावर, अनघाच्या उशाशी पडलेली असते.

मी माझं दार ओलांडून काकांची बेल वाजवली. त्यांनी माझा हात पाहिला, मला बेसिनपाशी नेलं आणि घड्याळ लावून वीस मिनिटं हात नळाखाली धरून ठेवला. मग दारामागचा वाळूचा डबा घेऊन ते माझ्याबरोबर खाली आले, चिमट्याने ती नळी वाळूत घेतली आणि गार झाल्यावर कॉरिडॉरमध्ये बसून उघडली. कॉइल एका बाजूला कलली होती आणि टोपीला चिकटली होती. मीटरवर वायरींपुरताच आकडा आला, कॉइलचा असा काहीच नाही. काकांनी स्क्रूकडे बराच वेळ पाहिलं आणि मग वर न बघता विचारलं, "जावईबापू, रविवारनंतर स्क्रूला हात लावला होतात?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो ते मला आजही धड सांगता येणार नाही. चाळिशीला आलेला माणूस, आणि शाळेत शाई सांडल्यावर बोलावं तसा बोललो. काका "बरं" म्हणाले आणि नळी घेऊन आत गेले. घरी अनघाने हाताला मलम लावलं, आणि डोळे पुसत म्हणाली, "पण काकांनी तपासलं होतं ना रे? एवढा माणूस, आणि त्यांच्याकडून असं कसं राहिलं? वय झालं बहुतेक त्यांचं." मी तेव्हाही गप्प बसलो.

रविवारी काका आले नाहीत. सोमवारी काकू आल्या त्या चेहरा पाडूनच. "ह्यांना काय झालंय कळत नाही बाई," त्या म्हणाल्या. "काल इस्त्री तीनदा तपासली आणि शेवटी चालूच केली नाही. आज चुरगळलेला शर्ट घालून गेले बेटावर. मीटर कपाटात ठेवलाय. रिटायर व्हायला तीन महिने उरलेत, म्हणतात, आता मी कशालाही ठीक म्हणणार नाही." एवढं बोलून काकू गेल्या. मी अनघासमोर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. तिने उठून दार उघडलं. मग म्हणाली, "माझ्याशी नंतर बोल. आधी तिकडे जा."

काका नुकतेच बसमधून उतरून आले होते आणि खरोखरच चुरगळलेल्या शर्टात बसले होते. कमरेचा पट्टा रिकामा होता. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "काका, मी खोटं बोललो. स्क्रू मी काढला होता. तुमच्या तपासण्यात काही चूक नव्हती."

"ते मला त्याच दिवशी कळलं," काका म्हणाले. "स्क्रूच्या खाचेत ताजा ओरखडा होता."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत? मीटर का ठेवून दिलात?"

काकांनी खणातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. बेटावर अपघात झाला की भरतात तसला अहवाल, पण मराठीत लिहिलेला, सुबक अक्षरात. काय घडले, कुठे घडले, कोणाला इजा. सगळं नेमकं. तळाशी लिहिलं होतं: 'मूळ कारण: परमिट घेणाऱ्यास खरे सांगण्याची भीती वाटली. जबाबदार: परमिट देणारा.' आणि खाली काकांची सही.

"काका, अहो, ही माझी चूक आहे," मी म्हणालो.

"स्क्रू काढलात ती तुमची," ते म्हणाले. "खोटं बोललात ती माझी. आमच्याकडे एखादा गडी खरं बोलला नाही, तर आम्ही त्याला नाही विचारत, त्याच्या साहेबाला विचारतो, की बाबा, हा तुला घाबरला का? पंचवीस वर्षं हे मी दुसऱ्या साहेबांना विचारत आलो. माझ्या हाताखाली तिथे चौदा माणसं आहेत, जावईबापू. त्या गुरुवारपासून मी रोज एकेकाचं तोंड बघतोय. ही मला खरं सांगत असतील का, की तुमच्यासारखंच 'नाही' म्हणून मोकळी होत असतील?" एवढं बोलताना त्यांचा हात कमरेच्या रिकाम्या पट्ट्याकडे गेला आणि तिथेच राहिला. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि भाजलेला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. म्हणालो, "काका, मी तुम्हाला घाबरलो नव्हतो. तुम्हाला वाईट वाटेल, याला घाबरलो होतो." माझ्या हाताचं बँडेज सोडून त्यांनी जखम बघितली आणि आपल्या हाताने पुन्हा बांधलं.

मी वाफ त्या गुरुवारीच सोडली होती, त्यानंतर कशालाच हात लावला नाही. मुलगी झाली तेव्हा माझ्या अंगाला फक्त हॉस्पिटलच्या साबणाचा वास होता. काकांनी तिला मांडीवर घेतलं तेव्हा त्यांचा मीटर कपाटातून पट्ट्यावर परत आला होता, आणि महिन्याभरात ते रिटायर होऊन काकूंसह कऱ्हाडला निघून गेले. शेजारच्या दारात एक तरुण चिनी जोडपं आलं. चांगली माणसं आहेत. आमची ओळख हसण्यापुरती आहे.

गेल्या वर्षी ऑफिसात एक वाईट आठवडा गेला. माझ्या टीममधल्या तिघांना काढावं लागलं आणि ती यादी माझ्या हाताने गेली होती. त्या संध्याकाळी मी मागच्या गल्लीत जाऊन कोणाकडून तरी एक सिगारेट मागून घेतली आणि पुरती ओढली. कोणी पाहिलं नाही. अनघा आणि मुलगी सुट्टीला पुण्याला गेल्या होत्या, तोंड धुऊन आलो असतो तरी गोष्ट तिथेच संपली असती. मी घरी आलो आणि कऱ्हाडला फोन लावला.

"काका, आज एक ओढली," मी म्हणालो.

पलीकडे काकांनी पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "सांगितलंत. बरं केलंत." आणि लगेच त्यांनी विचारलं, पोर कशी आहे, शाळेत रमते का, मराठी बोलते की नाही. मी उत्तरं देत राहिलो. काकूंनी पलीकडून काहीतरी ओरडून सांगितलं, आंब्यांचं की कसलं तरी. फोन ठेवला तेव्हा मला काकांची इतकी आठवण आली की मी उगाचच दार उघडून थोडा वेळ कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो. मग अनघाला फोन केला आणि तिलाही सांगितलं.